दोन कोकरांचा प्रश्न

काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, ते ज्याने एकदा पाहिले त्याला ते विसरता येत नाही. धनगर पुढे धावतो, मागून मेंढरांचा लोंढा पालखीला वळसे घालतो, आणि आम्ही वारकरी त्यांच्या पायांची धूळ कपाळाला लावतो. पण त्याच कळपातली कोकरे तीन-चार महिन्यांची झाली की बाजाराला जातात. तिथून पुढे कुठे जातात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. गळ्यात माळ आहे म्हणून आपण तिकडे बघत नाही, एवढेच.

हा विषय निघाला फलटणला. माउलींच्या पालखीचा तिथे मुक्काम होता. पंगत उठल्यावर जवळच्याच वाडीतला एक धनगर आमच्याजवळ येऊन बसला. थोडा वेळ घुटमळला, मग म्हणाला, "महाराज, एका मेंढीला दोन कोकरं व्हावीत म्हणून मी मेंढा आणला, तर त्यात पाप हाय का?"

आता हा मेंढा काय प्रकार आहे ते आधी सांगितले पाहिजे. आपल्या दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होते. बंगालच्या सुंदरबनात, खाऱ्या दलदलीच्या मुलुखात, गारोळ नावाची मेंढी आहे. चणीने अगदी लहान, पण एका वेताला दोन-तीन कोकरे देते. याचे कारण तिच्या बीजातल्या एका जनुकात आहे. त्यामुळे एका माजाला एकाऐवजी दोन-तीन बीजे पिकतात. १७९० नंतरच्या दशकात बंगालमधून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि तिथल्या एका नामांकित कळपात जुळ्या-तिळ्यांचा गुण आला तो याच मेंढ्यांपासून, असे अभ्यासक मानतात. त्या गुणाचे नेमके ठिकाण २००१ साली सापडले.

फलटणला १९६८ साली स्थापन झालेली निंबकर कृषि संशोधन संस्था आहे. तिथल्या मंडळींनी हा गुण गारोळमधून दख्खनी मेंढीत आणला. हे एका वर्षाचे काम नव्हे. पहिल्या संकरात चण लहान होते, म्हणून पिढ्यानपिढ्या मोठ्या चणीच्या मेंढ्यांशी पुन्हा जोडावे लागते. त्यात बन्नूर जातीचे आणि दुधाळ अशा आवासी मेंढीचेही रक्त मिसळले. मेंढ्याच्या अंगावर तर गुण आहे की नाही हे मुळीच दिसत नाही; ते रक्ताच्या तपासणीवरून कळते. त्या तपासणीच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मदत झाली. या मेंढीला नाव दिले 'सुवर्णा'.

आमच्यातला एक जुना वारकरी हे ऐकून चिडला. म्हणाला, "देवानं एक दिलं तर एक घ्यावं. त्याच्या कारभारात हात घालणारे आपण कोण?" बोलणे कानाला गोड लागते. पण ज्या भाकरीवर तो हे बोलला ती मालदांडीची होती! मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात शेतकऱ्यांच्याच मालदांडी ज्वारीतून उत्तम ती निवडून, पुन्हा पेरून, पारखून 'मालदांडी ३५-१' हा वाण काढला. जमिनीतल्या ओलीवर येतो, माणसाला दाणा देतो, बैलाला कडबा देतो. तीच भाकरी खाऊन वारी करायची, आणि संशोधन म्हणजे देवाच्या कारभारात ढवळाढवळ असे म्हणायचे, हे आम्हांला पटत नाही. त्यापूर्वीसुद्धा कुणबीण खळ्यावर चांगले कणीस बियाण्याला बाजूला काढून ठेवीतच होती की. तेही संशोधनच.

पण कणीस आणि मेंढी यांत एक भेद आहे, आणि धनगराचा प्रश्न तिथेच होता. कणसाला दाणे जास्त आले म्हणून ताटाला कळ येत नाही. मेंढीला येते. पोटात दोन जीव आणि चारा एकापुरता, असे झाले तर ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते, आणि शेवटच्या दिवसांत एकदा बसली की उठत नाही. जुळी कोकरे अंगाने लहान, मरायचीही भीती अधिक. तेव्हा ज्याच्याजवळ गाभण मेंढीला घालायला मूठभर भरडा नाही, त्याने या ज्ञानाच्या वाटेला जाऊ नये. तिथे ज्ञान म्हणजे हाव होते. या कामातल्या जाणत्यांचेही धोरण मेंढीला तीन-चार कोकरे व्हावीत असे नाही. दोनांवर त्यांचे समाधान आहे.

मग हे करायचेच कशाला? धनगराचे उत्तर ऐका. "रान कुठं ऱ्हायलं, महाराज? समदीकडं ऊस. लोकरीला कुणी इचारत नाय. कोकरू इकलं तरच घरात दाणा येतो. मेंढ्या वाढवू म्हटलं तर चारू कुठं?" म्हणजे मेंढ्या तेवढ्याच, किंबहुना कमीच ठेवायच्या आणि पोट भरायचे, एवढाच त्याचा हिशेब. रानावरचा भारही त्याने हलका होतो. यात आम्हांला पाप दिसले नाही, आणि तसे आम्ही त्याला सांगितले.

पण सुरीचे काय? जास्त कोकरे म्हणजे जास्त सुऱ्या, हे काही खोटे नाही. आम्ही माळकरी, त्या बाजाराला आमच्या तोंडून आशीर्वाद निघणार नाही. आणि धनगराला दोष द्यावा, तर त्याची मेंढरे रात्रभर बसवून खतावलेल्या वावरातला दाणा आम्ही खातो, त्याच्या हातची घोंगडी पांघरून कीर्तनाला बसतो. हा पेच आम्हांला सुटलेला नाही. सुटल्यासारखे दाखवावे, तर ती विठोबापुढची लबाडी होईल. आम्ही धनगराला हेही तसेच्या तसे सांगितले.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "देवानं मेंढीला आचळं दोनच दिल्यात, म्हाराज. त्याच्या फुडं मी जायचो नाय." यंदा पाचच मेंढ्यांना तो मेंढा लावायचा, बाकीच्यांना जुनाच, असे त्याने ठरवले होते. पाऊस आणि चारा बघून पुढच्या सालचे पुढे. मग त्याने आमच्याकडून चिमूटभर बुक्का मागून घेतला, कागदात बांधला, आणि मेंढरांना लावायचा म्हणून मुंडाशाच्या पदरात खोचून निघून गेला.