कुणाचे नाव सांगू?

धर्म आणि सत्ता यांनी हातात हात घातले की सामान्य माणसाची काय गत होते, हे दाखवणारी नाटके थोडी नाहीत. पण त्यांतले एक माझ्या मनातून जात नाही. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' हे नाटक १९५३ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. क्रूसिबल म्हणजे सोनाराची मूस. मिलर यांनी या मुशीत एक अख्खे गाव घातले.

ते गाव सेलम. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतले, कर्मठ प्युरिटन लोकांचे. १६९२ साली तिथल्या काही मुलींना झटके येऊ लागले आणि सैतानाला वश झालेली माणसे आपल्याला छळतात, असे त्या सांगू लागल्या. अमकीची छाया येऊन मला चिमटे काढते, असे मुलीने म्हणावे आणि न्यायालयाने तो पुरावा मानावा! मग ती बाई त्या वेळी आपल्या घरी झोपलेली का असेना. दीडशेहून अधिक माणसे पकडली गेली. १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारले.

मला या शिक्षेहूनही भयंकर वाटते ती सुटकेची वाट. जो गुन्हा कबूल करी, तो वाचे. जो 'मी निर्दोष आहे' म्हणे, तो फासावर जाई. शिवाय नुसती कबुली पुरत नसे. आणखी कोण सामील होते, त्यांची नावेही हवी असत. दृढ श्रद्धेत काही वावगे नाही. पण आरोपीचा नकार हाच त्याच्या गुन्ह्याचा पुरावा ठरू लागला, की तिथे श्रद्धा संपली आणि छळ सुरू झाला, असे खुशाल समजावे.

नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर हा शेतकरी. इतिहासात तो साठीचा होता. मिलर यांनी त्याला तिशीतला केला. तो काही संत नव्हे. हातून पाप घडलेला संसारी माणूस. बायकामुलांसाठी जगावे म्हणून तो खोटी कबुली द्यायला तयार होतो. पण इतरांना सैतानाबरोबर पाहिलेस का, असे विचारताच तो अडतो. स्वतःपुरते बोलेन, दुसऱ्याचे बोलणार नाही, असे म्हणतो. अखेर सही करतो. पण तो कागद चर्चच्या दारावर लावण्यासाठी हवाली करायला तयार होत नाही; तो फाडून टाकतो आणि मरण पत्करतो.

कुणी विचारील, खोटे बोलून जीव वाचवला असता तर काय बिघडले असते? मुले तर पोरकी झाली नसती! प्रश्न रास्त आहे. इथे मला कर्णपर्वातला कौशिक ब्राह्मण आठवतो. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या कौशिकाने, रानात लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना खरी खरी सांगितली. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. दुसऱ्याचा घात करणारे सत्यदेखील जिथे पाप ठरते, तिथे घात करणाऱ्या असत्याला क्षमा कुठली? स्वतःचा जीव वाचवण्यासाठी खोटे बोलणाऱ्या भेदरलेल्या माणसाला मी दोष देणार नाही. दोष असत्याला जिवाची किंमत ठरवणाऱ्यांचा आहे. पण शेजाऱ्याचे नाव हे आपले नव्हेच; ते देऊन सुटका विकत घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मिलर यांना हे स्वतःच्या काळातून कळले होते. तेव्हा अमेरिकेत साम्यवाद्यांची शोधाशोध चालली होती आणि चौकशी समितीपुढे लोकांना मित्रांची नावे सांगावी लागत होती. १९५६ साली खुद्द मिलर यांना तिथे उभे राहावे लागले. स्वतःविषयी ते बोलले. इतरांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला. १९५७ साली ते दोषी ठरले; १९५८ साली अपिलात सुटले.

सेलमच्या न्यायाधीशांपैकी सॅम्युएल सूअल यांनी १६९७ साली भर चर्चमध्ये आपल्या अपराधाची कबुली दिली. तिथे दोषी ठरलेल्यांपैकी शेवटच्या बाईच्या नावावरचा कलंक पुसायला मात्र २०२२ साल उजाडले. एखाद्याचे नाव उच्चारायला क्षणही लागत नाही. ते धुऊन निघायला तीनशे वर्षेही अपुरी पडतात. म्हणून 'अमका तसलाच आहे ना?' असे कुणी ओसरीवर सहज विचारले, तरी उत्तर देण्याआधी माणसाने थोडे थांबावे.