मैत्र कशाने टिकते, कशाने तुटते



गेल्या माघात आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. वय ७४ झाले, गळा साथ देत नाही, म्हणून आता कीर्तनाला उभा राहत नाही. टाळकऱ्यांच्या मागे भिंतीला टेकून ऐकत बसतो. रात्रीचे कीर्तन आटोपल्यावर पन्नाशीचा एक शेतकरी जवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, लहानपणापासूनचा दोस्त होता. तीन वर्षं झाली, बोलणं बंद हाय. धुऱ्यावरून बिनसलं. दोन तासांची जमीन, बाकी काही नाही. मले एकच सांगा, दोस्ती खरी असती तं अशी तुटली असती काय?"

मी सवयीने उत्तर देऊन टाकले, "खरी मैत्री तुटत नाही. तुटली ती खरी नव्हतीच." त्याने मान हलवली, पाया पडला आणि निघून गेला. त्या रात्री मला झोप आली नाही. मडके फुटले म्हणून त्यात कधी पाणीच नव्हते असे कोणी म्हणेल काय? त्या माणसाने बालपण, शाळा, बैलपोळे, पेरण्या, सारे त्या मित्राबरोबर काढले असणार. मी एका वाक्यात त्याचे ते सगळे खोटे करून टाकले. आणि माउली, हे उत्तर देण्याचा अधिकारही मला नव्हता. माझ्या हातूनही एक मैत्री तुटलेली आहे. म्हणून त्याला द्यायचे राहिलेले उत्तर इथे लिहितो.

आधी शब्द पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी समबुद्धीच्या पुरुषाचे वर्णन करताना सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन अशी यादीच दिली आहे. तिथे सुहृद आणि मित्र हे दोन शब्द वेगळे आले आहेत. आचार्यांनी भाष्यात त्यांचा भेद सांगितला. परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करतो तो सुहृद, आणि ज्याचा स्नेह असतो तो मित्र. म्हणजे स्नेह असला की मित्र होता येते. सुहृद होण्याला अधिक काही लागते. पाचव्या अध्यायाच्या शेवटी भगवंत स्वतःला सर्व भूतांचा सुहृद म्हणवतात, त्यावरून या शब्दाची उंची कळावी. आपली बहुतेक नाती मित्रापाशी सुरू होतात. काही सुहृदापर्यंत पोचतात, काही वाटेत थांबतात. वाटेत थांबलेल्याला खोटे म्हणू नये. पंढरीला निघालेला वारकरी वाटेत आजारी पडून परतला तर त्याची वारी खोटी होती असे आपण म्हणत नाही.

मग वाटेत थांबते ते कशाने? माझ्या पाहण्यात तीन कारणे आली.

पहिले कारण गरजेचे. कपाशीच्या हंगामात बैलजोडी एकमेकांना देणारे दोन शेजारी असतात. एकाकडे ट्रॅक्टर आला की येणे-जाणे कमी होते. यात कोणाचा दोष नाही. हे नाते कामाचे होते, काम सरले, नाते सैल झाले. अशा मैत्रीबद्दल राग धरू नये, आभार मानावेत.

दुसरे कारण पायरीचे. द्रोण आणि द्रुपद एकाच आश्रमात शिकले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला. द्रोणाच्या घरी अश्वत्थाम्याला दूध मिळेना, पिठाचे पाणी दूध म्हणून पाजण्याची पाळी आली, तेव्हा द्रोण जुन्या ओळखीने द्रुपदाकडे गेला. राजाने त्याला ऐकवले की मैत्री बरोबरीच्यांत होते. इथपर्यंत चूक द्रुपदाची. पण द्रोणाने तो बोल मनात धरला, शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवले आणि अर्धे राज्य काढून घेतले. मग द्रुपदाने द्रोणाला मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला. एका मित्राच्या उर्मट वाक्यातून निघालेला विस्तव कुरुक्षेत्रापर्यंत पोचला. याच्या शेजारी सुदामा ठेवून पाहा. तोही गुरुबंधू, तोही दरिद्री, तोही राजाच्या दारी गेलेला. सुदामा काही मागू शकला नाही आणि कृष्णाने त्याला मागायला लावले नाही. पुरचुंडीतले पोहे मात्र हक्काने ओढून घेतले. पायरी दोन्हीकडे सारखीच उंच होती. वरच्या पायरीवरचा माणूस खाली उतरला की नाही, एवढाच फरक.

तिसरे कारण सर्वांत अवघड, आणि ते खऱ्या मैत्रीतच येते. ते म्हणजे सत्य. कर्णाचे पाहा. दुर्योधनाने त्याला अंगदेश दिला, भर सभेत मान दिला. कर्णाने त्यासाठी प्राण दिला, पण मित्राला अधर्मापासून मागे ओढले नाही. द्यूतसभेत तर तोच पुढे होऊन बोलला. उपकाराच्या ओझ्याखाली त्याची जीभ बांधली गेली होती. ती मैत्री शेवटपर्यंत टिकली आणि दोघांनाही घेऊन बुडाली. तेव्हा टिकली म्हणून खरी, हेही म्हणता येत नाही.

आता तेरढोकीला या. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमलेली. मुक्ताईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे काय? काका म्हणाले, मडके कच्चे की पक्के ते याने कळते. मग आमच्यात कच्चे कोण तेही पाहा, असे मुक्ताईने म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सगळे गप्प राहिले. नामदेवराय रागावले, आणि काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे. देव ज्याच्या हातचे जेवतो त्या भक्ताला त्याच्याच मंडळींत असे ऐकावे लागले! नामदेवराय दुखावले, तडक पंढरीला येऊन विठ्ठलाकडे तक्रार केली. देवानेही मित्रांचीच बाजू घेतली आणि त्यांना विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला पाठवले. आमच्या पुसद-उमरखेडला लागून हिंगोली जिल्हा आहे, त्यात हे औंढा. या बाजूचे वारकरी तिथे गेले की हीच कथा आठवतात. मी ही कथा कीर्तनात किती वेळा सांगितली असेन. लोक हसत, मीही हसवत असे. माझ्याच डोक्यावर थापटणे बसले त्या दिवशी मात्र ती मला आठवली नाही.

माझा एक पखवाजी होता. एकाच गावचे आम्ही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आम्ही दोघे बरोबर गेलो, चार वर्षे राहिलो, माधुकरीच्या झोळीतली भाकर अर्धी अर्धी खाल्ली. मी गाथा-ज्ञानेश्वरीकडे वळलो, तो मृदंगाकडे. पुढे वीस-बावीस वर्षे मी उभा राहायचो आणि तो मागे. शकुंतला गाडी चालू होती तेव्हा दारव्ह्याहून मूर्तिजापूर आणि तिथून गाड्या बदलत पंढरपूर, असा प्रवास आम्ही मृदंग मांडीवर घेऊन केला. तो मला "काय गा" म्हणायचा, चारचौघांत "बुवा".

एकदा कळंबकडच्या एका गावातून रात्री बैलगाडीने परतत होतो. कीर्तनाला गर्दी मोठी, लोक पोट धरून हसलेले. मी खुशीत होतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आज हशे लई घेतले गा तू. अभंग उपाशी राहिला." मी हसून सोडून दिले असे मला वाटले. पण ते बोलणे आत रुतून बसले. त्यानंतर त्याच्या वादनातल्या चुका मला दिसू लागल्या. हात मंद झाला, लय पडते, असे मी स्वतःला सांगू लागलो. त्यात थोडे खरेही होते. मग एक तरुण वादक मिळाला. हात तयार होता, आणि प्रत्येक कीर्तनानंतर तो "महाराज, आज कमाल केली" म्हणत असे.

यवतमाळला एक मोठा सप्ताह ठरला. मी त्या तरुणाला घेऊन जीपने परस्पर निघून गेलो. माझा मित्र धुमाला लावायची कणीक मळून, ओल्या फडक्यात बांधून, मृदंग खांद्याला लावून आमच्या एसटीच्या थांब्यावर दुपारपर्यंत उभा होता. मी येणार नाही हे त्याला पानटपरीवाल्याने सांगितले. तो भांडायला आला नाही. कोणाजवळ एक शब्द बोलला नाही. मीही गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता अकरा वर्षे गेली.

मधल्या एका आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात समोरासमोर आलो. आपली रीत आहे, वारकऱ्याने वारकऱ्याच्या पायाला हात लावायचा. तो वाकला, "माउली" म्हणाला, मीही वाकलो, आणि तो दिंडीबरोबर पुढे गेला. वाटेत भेटणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला देतो तोच मान त्याने मला दिला. "काय गा" गेले होते. देवाच्या दारात सगळे माउली आहेत, हे मी आयुष्यभर सांगितले. पण त्या दिवशी तो शब्द मला जेवढा लागला तेवढी शिवी लागली नसती.

त्याला लकवा झाल्याचे कळले तेव्हा शेवटी गेलो. तो बाजेवर पडून होता, उजवा हात गेलेला. मी अपराध कबूल केला. नवा वादक का घेतला त्याची कारणेही सांगू लागलो. त्याने थांबवले. "दुसरा घेतला त्याचं काही नाही गा. माह्या हात मंद झाला हे मलेबी कळत होतं. त्वा मले सांगितलं नाही, एवढंच. म्या तुले सांगितलं होतं ना?"

माउली, या एका वाक्यात मला आमची मैत्री कशाने तुटली ते कळले. त्याने मला सत्य सांगून सुहृदाचे काम केले होते. मी त्याच्याबद्दलचे सत्य लपवून त्याला परका केले. दोन माणसांच्या मध्ये विठ्ठल उभा असतो तोवर एकाने दुसऱ्याची चूक सांगितली तरी ती देवापायी सांगितली असे वाटते. आम्ही दोघे कीर्तनात ज्याच्याकडे पाहत होतो, त्याच्याकडे पाहणे मी सोडले आणि मित्राच्या डोळ्यांत स्वतःचे रूप पाहू लागलो. ते रूप आवडले नाही तेव्हा रूप दाखवणाराच बदलला. नामदेवरायही रागावले होते. पण राग घेऊन ते देवाकडे गेले आणि देवाने परत पाठवले तिकडे गेले. मी राग घेऊन स्वतःकडेच गेलो.

मग प्रत्येक मैत्री धरूनच ठेवावी काय? नाही. मित्र व्यसनाकडे, लबाडीकडे ओढत असेल तर त्याची संगत सोडावी, संतांनीही दुःसंगापासून दूर राहायला सांगितले आहे. पण सोडताना तोंडावर सांगून सोडावे, आणि सोडल्यावर वैर धरू नये. संगत सोडणे वेगळे, माणूस टाकून देणे वेगळे. मी दुसरा वादक घेतला हे पाप नव्हते. थांब्यावर मित्राला उभे ठेवले, हे पाप होते.

त्याने मला क्षमा केली. पण क्षमा एकट्याला करता येते, मैत्र दोघांनी करावे लागते, आणि आमच्याजवळ वेळ थोडा उरला होता. त्या अकरा वर्षांत जे बोलणे व्हायचे ते राहूनच गेले. मी अधूनमधून जाऊन बसायचो. एकदा त्याच्यासाठी अभंग म्हटला. त्याने डाव्या हाताने बाजेच्या पाटीवर ठेका धरला आणि मध्येच म्हणाला, "अजूनबी घाईच करतं तू." या वेळी मी पुन्हा सावकाश म्हटला. पुढच्या कार्तिकीपूर्वी तो गेला.

मित्र गेल्यावरही काही करायचे उरते, हे नामदेवरायांकडून शिकावे. ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीला समाधी घेतली. नामदेवराय त्यानंतर ५४ वर्षे जगले. मित्राचा जन्म, तीर्थयात्रा आणि समाधी त्यांनी अभंगांतून सांगितली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. मंगळवेढ्याला कुसू कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरीला महाद्वारी आणल्या त्याही नामदेवरायांनीच. मी माझ्या परीने एवढेच करतो. कोणी तरुण कीर्तनकार भेटला की त्याला सांगतो, तुझ्या मागे उभ्या असलेल्यांत एक तरी असा ठेव जो कीर्तनानंतर कमाल केली म्हणणार नाही. आणि तो बोलला की त्याला सोडू नको.

आता त्या शेतकरी दादाला. दादा, मी तुम्हाला चुकीचे उत्तर दिले. तुमची दोस्ती खरी होती. ती धुऱ्यावरून तुटली असेही मला वाटत नाही. दोन तासांपूर्वी काहीतरी बोलायचे राहिले असेल, तुमचे किंवा त्याचे. धुऱ्याचा निकाल मोजणीवाला करील, तो त्याच्यावर सोडा. तुम्ही पेरणीच्या आधी एकदा त्याच्या घरी जा, आणि जमिनीची गोष्ट न काढता विचारा की माझे काय चुकले. तो बोलेल किंवा बोलणार नाही. बोलला तर ऐकून घ्या, लगेच कारणे सांगू नका. मी सांगू लागलो होतो.

ज्ञानोबारायांनी नेवाशाला ग्रंथ पुरा झाल्यावर जे मागणे मागितले, त्यातला क्रम पाहा. आधी खळांचा वाकडेपणा जावो म्हणाले, खळ जावोत असे म्हणाले नाहीत. मग सत्कर्माची गोडी, आणि त्यानंतर जिवाचे मैत्र. वाकडेपणा गेल्यावाचून मैत्र येत नाही. पसायदान आपण रोज म्हणतो. दुसऱ्याचा वाकडेपणा जावा म्हणून म्हणतो की स्वतःचा, हे ज्याचे त्याने पाहावे. मला ते कळायला अकरा वर्षे लागली. तुम्हाला तीन झाली आहेत, चौथे लागू देऊ नका.

रामकृष्ण हरी.