हातातून सुटलेला दिवा

आमच्या शाहूवाडीत कार्तिकात भात कापून झालेलं असतं, अंगणात वैरणीच्या गंज्या उभ्या असतात आणि आंब्याच्या घाटाकडचं डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. नेमकं तेव्हाच पोरं उडते कंदील सोडतात. पातळ कागद, तारेची कडी आणि मधे मेणात भिजवलेली पेटती वडी. वर गेलेला जाळ वारा नेईल तिकडे जातो. तो गंजीवर पडला तर वर्षाचा चारा जातो. नुसती तार वैरणीत आली तरी म्हैस ती गिळते आणि तिच्या पोटाला इजा होते.

पोरं म्हणतात, "काका, देवाला दिवा सोडला." मला प्रश्न पडतो, हे दान म्हणायचं का?

आपल्या परंपरेत कार्तिकातला आकाशदिवा उंच काठीला बांधतात, त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ उजळतात. लावणारा तिथंच असतो, तेल घालतो, वात सारतो. आणि सोडणंच म्हणाल, तर गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, जबाबदारी सोडायला नव्हे. 2020 च्या नववर्षरात्री जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात अशाच कंदिलांनी वानरगृह जळालं, तीसहून अधिक प्राणी मेले. सोडणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं, तरी जीव गेलेच.

ज्याची राखण करता येत नाही, तो जाळ देवाच्या नावानं सोडू नये. पोरांनो, दिवा दारात लावा आणि विझेपर्यंत त्याच्याजवळ थांबा.