दयेने पुरावा मागावा का?

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या बाजूला काय आणि उभ्या मराठवाड्यात काय, बिट्टीची म्हणजे पिवळ्या कण्हेरीची फुले महादेवाला वाहतात. तिच्या बियांतले विष हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवते. ठोके मंदावतात, ताल चुकतो. याच जिल्ह्यात, परळीला, महादेव वैद्यनाथ म्हणून पुजला जातो. हलाहल पिताना त्याने कुणाकडे पुरावा मागितला नाही. मग वैद्याने तो मागावा का?

श्रीलंकेत हा प्रश्न प्रत्यक्ष रोग्यांपुढे उभा राहिला. बिट्टीच्या बिया, बहुतेकदा आपणहून, खाऊन विषबाधा झालेल्यांपैकी 34 जणांना मेंढ्यांपासून मिळवलेल्या प्रतिपिंडांचा उतारा दिला, 32 जणांना नुसते सलाईन. दोन तासांत पहिल्या गटातल्या 15 जणांच्या हृदयाचा बिघडलेला ताल सुधारला, दुसऱ्यातल्या दोघांचाच. हे निष्कर्ष 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्या 32 जणांना आकड्यांसाठी वापरले, हा आक्षेप हलका नाही. पण उतारा मुळात डिजॉक्सिन या औषधाच्या बाधेवरचा. बिट्टीवर तो किती चालेल हे आधी कोण सांगणार होते? आणि दयेची खात्री किती फसवी असते, हे कोळशाने दाखवले. औषधी कोळशाच्या वारंवार मात्रांनी मृत्यू 8 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आल्याचे 2003 मध्ये तिथेच दिसले. 2008 मध्ये मुख्यतः बिट्टी आणि कीटकनाशकांची बाधा झालेल्या 4632 जणांच्या चाचणीत तो फायदा आढळलाच नाही. म्हणजे एका पुराव्यावरही भागत नाही. ज्याने आपणहून विष घेतले त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कर्माचा हवाला देऊन विचारणारेही असतात. वैद्याने त्यांच्याशी वाद घालत बसू नये. समोरचा माणूस जगला, तरच त्याला पुन्हा विचार करता येईल.

माझ्या मते खरा दोष पुढे घडला. उतारा लागू पडतो हे कळल्यावरही त्याची किंमत आवाक्यात राहिली नाही, श्रीलंकेतला पुरवठा थांबला आणि मृत्यू पुन्हा वाढले. ठाऊक नसताना हात आखडणे क्षम्य होते. ठाऊक झाल्यावर पैशांअभावी आखडणे हा अधर्म आहे. मग तो सरकारचा असो, कंपन्यांचा असो की समाजाचा. परळीला जाणाऱ्यांनी आपल्या दानातला थोडा वाटा सरकारी दवाखान्यातल्या अशा महागड्या उताऱ्यांसाठी काढावा. वैद्यनाथाची ती सेवाच होईल.