नाव पुसलेला खेळ

जी वस्तू मालकाने आपल्याला विकायला काढलीच नव्हती, ती आडवाटेने आपल्या घरी आली, तर ती चोरी होते काय? फराळाच्या ताटापुढे मांडण्याजोगा हा प्रश्न नव्हे, हे मला कबूल आहे. पण ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती सोलापुरातल्या कितीतरी घरांत दिवाळीच्या सुटीतच हाताळली गेली, आणि तीही चकलीचे हात न पुसता! तेव्हा वाचकांनी थोडा वेळ द्यावा.

१९९०च्या दशकात नवी पेठेतून आणलेले टीव्हीला जोडायचे ते खेळाचे खोके ज्यांना आठवते, त्यांना पिवळी कॅसेटही आठवेल. तिच्यावर '९९९९९९ इन १' असा दांडगा आकडा छापलेला असे. आत पाहावे तर मोजके खेळ, आणि पुढे सारी त्यांचीच उजळणी. त्यांत रणगाड्यांचा खेळ हमखास सापडे. विटांच्या भिंतींआड एक गरुड. त्याचे रक्षण करायचे. जोडीदाराची गोळी चुकून आपल्याला लागली की आपला रणगाडा जागीच थिजे आणि पडद्यावरचे युद्ध गादीवर उतरे. हा खेळ म्हणजे 'बॅटल सिटी'. जपानच्या नामको कंपनीने तो १९८५ साली निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' यंत्रासाठी काढला. दोन पेंग्विनांना आरशातल्यासारखे उलटसुलट चालवून एकत्र आणायचे, तो 'बायनरी लँड'ही त्याच सालचा, हडसन कंपनीचा. त्या काळी हे दोन्ही खेळ अमेरिकेत विकायला गेलेच नाहीत. न्यूयॉर्कच्या श्रीमंत मुलाला दुकानात जे मिळत नव्हते, ते आमच्या पूर्व भागातल्या विणकराच्या मुलाला ठाऊक होते!

याचे कारण अगदी साधे आहे. जपानी यंत्राची कॅसेट ६० पिनांची, अमेरिकन यंत्राची ७२ पिनांची. तैवानसारख्या ठिकाणी ज्यांनी नकला केल्या त्यांनी साचा जपानी घेतला, आणि आपल्याकडे आल्या त्या या नकला. जपानचा घरगुती माल त्यांत सहज बसला.

आता कोणी म्हणेल, यात नुकसान कोणाचे झाले? कंपनीचे सोलापुरात दुकान नव्हते, मग गिऱ्हाईक तुटले कुठले? हा युक्तिवाद वजनदार आहे, पण पुरा नाही. एखाद्या विणकराने लेकीसाठी विणलेले लुगडे विकायला ठेवले नाही, म्हणून ते बेवारशी होत नाही. न विकण्याचे कारण कित्येकदा हास्यास्पदही असते. १९८६ साली जपानात निघालेला मारिओचा दुसरा भाग फार अवघड आहे, असे निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या मंडळींना वाटले. म्हणून १९८८ साली भलत्याच एका खेळाला मारिओचा वेष चढवून तिकडे दुसरा भाग म्हणून धाडण्यात आला. पण आपल्या मालाविषयी विक्षिप्तपणा करण्याचा हक्कही मालकाचाच.

तरीही खरे सांगायचे तर त्या धनाढ्य कंपन्यांच्या बुडालेल्या पैशासाठी माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. मला बोचते ते निराळेच. नकला करणाऱ्यांनी अनेक खेळांच्या पहिल्या पडद्यावरून कर्त्याचे नाव खरवडून काढले. पैशाबद्दल वाद घालता येईल. या खरवडण्याबद्दल काय बोलणार?

सोलापूरकराला हे दुखणे समजावून सांगावे लागू नये. जकार्ड मागावर चादर विणताना तिच्या काठात कारखान्याचे नाव विणण्याची आपल्याकडे रीत आहे. (बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी याच मागाची भोके पाडलेली कार्डे घेतली होती, तेव्हा माग आणि संगणक हे तसे सोयरेच.) धुऊन जात नाही असे ते नाव. २००५ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले. परगावी विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून कोणी गळ्यात मारली की आपण संतापतो, आणि तो संताप केवळ पैशाचा नसतो. तिथे दुसऱ्याच्या मालावर आपले नाव चिकटवले जाते; त्या कॅसेटमध्ये मालाचे स्वतःचे नाव उतरवले जाते. विणणारा आणि वीण यांची ताटातूट दोन्हीकडे सारखीच.

मुलांना मी दोष देत नाही. त्यांना काही ठाऊकच नव्हते. आडवाटेने जाणारे सगळे एका माळेचे मणी, असेही नव्हे. 'मदर ३' हा इतोई शिगेसातो यांचा खेळ २००६ साली जपानात निघाला आणि तिथेच राहिला. चाहत्यांनी खपून त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि २००८ साली ते फुकट वाटले. वाटले ते भाषांतर, मूळ खेळ नव्हे. पुढे २०१३ साली त्यांच्यातल्या प्रमुख भाषांतरकाराने आपला सगळा मजकूर निन्टेन्डोला विनामोबदला देऊ केला. कायदा यांच्याकडेही कदाचित भुवया उंचावून पाहील. मला मात्र हे लोक आणि ते नाव खरवडणारे एका पंगतीला बसवता येत नाहीत. यांच्यामुळे इतोईंचे नाव दूर गेले.

आणि त्या रणगाड्यांच्या खेळाचे काय? पडद्यावर कधीच न उमटणाऱ्या त्याच्या सांकेतिक मजकुरात, खेळाच्या अगदी पोटात, तीन नावे लिहिलेली आहेत: ओकुबो र्‍योइची, ह्योदो ताकेफुमी आणि ओझावा जुन्को. तिथेच आज्ञावली लिहिणाऱ्याने टोपणनावाने आणखी एक ओळ घातली आहे, आणि तीत आपले कोणावर प्रेम आहे तेही सांगून टाकले आहे. पहिला पडदा पुसणाऱ्यांना त्या ओळीचा पत्ता नसावा. आमच्या गल्लीत गरुडासाठी भांडणाऱ्या पोरांना तर नव्हताच.