पौल पायी का गेला?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २०:७-१६



त्रोवस येथील माडीवरची ती रात्र आपणां सर्वांना ठाऊक आहे. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, खिडकीत बसलेला तरुण युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, आणि प्रभूच्या कृपेने तो जिवंत घरी नेण्यात आला. या प्रसंगावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, आणि लांबण लावणाऱ्या पाळकांची थोडी थट्टाही केली आहे. पण त्याच्या लगेच पुढचे तेरावे वचन आपण सहसा घाईने वाचून टाकतो. लूक व इतर सोबती तारवात बसून अस्साकडे निघाले. पौल त्यांच्याबरोबर बसला नाही. त्याने स्वतःच तसे ठरविले होते. तो पायी निघाला.

थोडा विचार करा. हा मनुष्य रात्रभर जागा होता, पहाटेपर्यंत बोलत होता. त्रोवस ते अस्सा हे अंतर खुष्कीच्या वाटेने ३० किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे बेळगावाहून निघून खानापूरच्याही पुढे जावे इतके. तारवात त्याच्यासाठी जागा होती. शिवाय त्याला घाई होती. साधल्यास पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत यरुशलेमेस पोहोचावे अशी त्याची इच्छा होती, हे सोळाव्या वचनात सांगितले आहे. थकलेला, घाईत असलेला, आणि वाहन तयार असलेला मनुष्य पायी का गेला?

लूक त्याचे कारण सांगत नाही. पण एक गोष्ट तो स्पष्ट दाखवितो. पौलाच्या चालण्याने कामाचा खोळंबा झाला नाही. तारवाला भूशिराला वळसा घालून यावे लागे, पायवाट त्यामानाने सरळ होती. अस्सा येथे ठरल्याप्रमाणे त्यांची गाठ पडली आणि तारू पुढे निघाले. चालणे त्याने प्रवासाच्या बेतातच बसविले होते. आपण म्हणतो, "चालायला वेळ कुठे आहे?" पौलाला हे म्हणण्याचा आपल्याहून अधिक अधिकार होता.

आता मी माझी चूक कबूल करतो. माझे घर टिळकवाडीत, उपासनामंदिरापासून सव्वा किलोमीटरवर. पूर्वी मी पायी जात असे. रेल्वेचे फाटक बंद असले की थांबावे लागे, आणि तेथे मंडळीतले कोणी ना कोणी भेटेच. पुढे स्कूटर घेतली. वाचलेल्या वेळात अधिक घरभेटी करीन असे मनाशी म्हटले. तसे घडले नाही. तो वेळ कुठे गेला हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या वाटेवर मंडळीतील एक वृद्ध आजी राहतात. त्या दारातल्या कट्ट्यावर बसत आणि मी पायी जात असताना दोन शब्द बोलल्याशिवाय मला सोडीत नसत. एके दिवशी कळले की त्या तीन महिने अंथरुणावर आहेत. मी धावत गेलो. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमच्या स्कूटरचा आवाज रोज ऐकू येत होता. वाटायचं, चला, साहेब बरे आहेत."

मी बरा होतो की नाही हे त्यांना कळत होते. त्या बऱ्या आहेत की नाहीत हे मला कळत नव्हते. त्या दिवसापासून या वचनाने माझा पिच्छा पुरविला आहे. त्यातून मला उमगलेल्या तीन गोष्टी आपणांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट शरीराची. आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौल करिंथकरांस लिहितो. आपण उपासनामंदिराची कौले दर पावसाळ्यापूर्वी पाहतो; या दुसऱ्या मंदिराकडे मात्र डॉक्टरांनी मधुमेह सांगितल्यावरच लक्ष जाते. १९५३ साली डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करून तिकिटे देणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. ते कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हते. पोटापाण्याच्या कामातच त्यांचे पाय हलत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखे श्रम सांगते. दिवसाला हिशेब केला तर ती बावीस मिनिटेही होत नाहीत.

येथे एक इशारा देतो. आज पुष्कळांच्या मोबाईलवर पावले मोजली जातात. दहा हजार झाली की धन्यता, नऊ हजार झाली की खंत! हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्याहून कमी चालण्यानेही लाभ होतोच. पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशांश मोजीत बसणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले ते आठवा. पावले मोजा, पण ती कोणाच्या दारापर्यंत गेली हेही पाहा.

म्हणून दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. शुभवर्तमानांतील किती कृत्ये वाटेवरच घडली! यरीहोबाहेर आंधळा बार्तीमय वाटेच्या कडेला बसला होता. जक्कय वाटेवरच्या उंबराच्या झाडावर होता. रक्तस्रावाने पीडित स्त्रीने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला तो प्रभू दुसऱ्याच्या घरी चालला असताना. प्रभू वेगाने निघून गेला असता तर त्यांची हाक कोणी ऐकली असती? आपल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. आईवडील दुष्काळात गेल्यावर त्या व त्यांचे बंधू श्रीनिवास देशभर पायी हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. त्या वाटचालीत विधवांचे व उपाशी लोकांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, आणि मग केडगावचे मुक्तिसदन. त्या सेवेमागे ती पायपीट होती.

तिसरी गोष्ट प्रभूच्या सहवासाची. यरुशलेमेत बंधने व संकटे वाट पाहत आहेत हे पौलाला आत्म्याने कळविले होते. याच अध्यायात तो इफिसच्या वडिलांना ते सांगतो. तारवात सोबत्यांची गजबज होती. त्या वाटेवर तो एकटा होता, आणि एकटा नव्हताही. अम्माऊसच्या वाटेवर दोघा खिन्न शिष्यांजवळ येऊन जो चालू लागला, तो त्यांच्याच चालीने चालला. चालण्याचा वेग हा प्रार्थनेचा वेग आहे. स्कूटरवर डोळे रस्त्यावरच ठेवावे लागतात. पायी जाताना एकेका घरासमोर त्या घराचे नाव घेऊन प्रार्थना करता येते.

तर मग काय करावे? एक किलोमीटरच्या आतले काम पायीच करावे : दूध, भाजी, पोस्ट, शाळा. बसने जाणाऱ्यांनी एक थांबा आधी उतरावे. रात्री जेवण झाल्यावर पतिपत्नींनी पंधरा मिनिटे बरोबर चालावे. रक्तातील साखरेला त्याचा उपयोग होतोच, आणि दिवसभर न बोललेले बोलून होते. फूटपाथ फुटलेले आहेत, वाहने अंगावर येतात, हे मला मान्य आहे. म्हणून दोघांतिघांनी मिळून चालावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी यातून दोषाचे ओझे घेऊ नये. त्यांच्यासाठी इतरांचे पाय आहेत.

आमच्या गल्लीतल्या चार कुटुंबांनी आता एक नेम केला आहे. रविवारी अर्धा तास आधी निघायचे आणि सर्वांनी मिळून पायी यायचे. त्या आजी आता काठी घेऊन उठतात. त्यांच्या दारी आम्ही थांबतो आणि पुढची वाट त्यांच्या चालीने चालतो. पहिल्या रविवारी घंटा झाल्यावर पोहोचलो. मंडळी पाळकाची वाट पाहत बसली होती. मला लाज वाटली नाही.

आपल्या वाटेवर असे कोणते दार आहे? येत्या आठवड्यात एकदा तरी त्या वाटेने पायी जा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्या धुळीच्या वाटांनी पायी चाललास. आमची घाई आमच्यापासून काढून घे. ज्या दारांवरून आम्ही वेगाने निघून गेलो तेथे आम्हांला परत ने, आणि तू आमच्याबरोबर चाल. आमेन.