समोरचा रोगी आणि उद्यांचा रोगी

गेल्या सुगीच्या उपकारस्तुतीनंतर आमच्या मंडळींत एक प्रश्न निघाला. तो दिसावयास लहान होता, परंतु त्याचें उत्तर देतांना आमची बरीच तारांबळ उडाली. असाच प्रसंग इतर मंडळ्यांवरही येत असेल, म्हणून तो आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या गांवच्या एका गवंड्याचा नऊ वर्षांचा मुलगा रक्ताच्या कर्करोगानें आजारी पडला व त्यास मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयांत नेलें. सुगीच्या अर्पणांतून त्या घरास मदत द्यावी ह्याविषयीं कोणाचें दुमत नव्हतें. पण आमच्या तरुण उपदेशकानें सुचविलें कीं, ह्या रोगावर शोध करणाऱ्या संस्थाही लोकांच्या दानावर चालतात, तर अर्पणाचा कांहीं भाग तिकडे पाठवावा. तेव्हां एक आजीबाई उठून म्हणाल्या, "मास्तर, आपलें पोर अंथरुणावर तळमळतें आहे, आणि तुम्ही न जन्मलेल्याच्या तोंडांत घास घालूं म्हणतां! हा कसला न्याय?" सभा स्तब्ध झाली. आम्हांसही तत्काळ उत्तर सुचलें नाहीं.

प्रथम ह्या रोगाविषयीं दोन शब्द. हाडांच्या पोकळींत जो मगज असतो त्यांत रक्त तयार होतें. ह्या रोगांत तेथील पांढऱ्या पेशी अर्धवट अवस्थेंतच बेसुमार वाढूं लागतात व चांगल्या रक्तास जागा उरत नाहीं. मग रोगी फिकट पडतो, ताप हटत नाहीं, हिरड्यांतून रक्त येतें, अंगावर निळे डाग दिसूं लागतात. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं, कोणाच्या करणीनेंही होत नाहीं. आईबापांच्या पापाची शिक्षा लेकरावर आली असें म्हणणें तर दुःखितास दुसरा घाव घालणें होय.

आतां आजीबाईंच्या म्हणण्याचा विचार करूं. तें म्हणणें हलकें नाहीं. समोरच्या दुःखास पाठ दाखवून दूरच्या कल्याणाच्या गोष्टी बोलणें हा शहाण्यांचा जुना दोष आहे. उपदेशकानें बियाण्याचा दृष्टांत दिला: दुष्काळांतही शेतकरी कणगीचें बीं खात नाहीं. पण हा दृष्टांत पुरा लागू पडत नाहीं. शेतकरी जें पेरितो तें त्याचेंच घर खातें. येथें उपाशी राहावयाचें एकानें, आणि पीक घ्यावयाचें दुसऱ्यानें. आपली भूक सोसण्याचा हक्क ज्यास त्यास आहे; दुसऱ्याच्या लेकराची भूक सोसण्याचा हक्क आम्हांस कोणी दिला?

येथें आम्हांस एका घराण्याची गोष्ट आठवते. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्या १९३१ सालीं ह्याच जातीच्या रोगानें वारल्या. घरीं धनाचा तोटा नव्हता, विलायतेचे वैद्य हाताशीं होते. पण औषधच नव्हतें. पुढील वर्षीं, म्हणजे १९३२ सालीं, दोराबजींनीं पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापिला. त्याच्या उत्पन्नाचे पांच वांटे करून चार वांटे जगांत कोठेंही चाललेल्या ह्या रोगाच्या संशोधनास, व एक वांटा मानवी व्याधींच्या निवारणार्थ आपल्या देशांत होणाऱ्या शास्त्रीय शोधास द्यावा, अशी त्याची योजना आहे. त्याच वर्षीं जून महिन्यांत दोराबजी स्वतः वारले. पेरलेल्याचें फळ त्यांनीं पाहिलें नाहीं. त्या काळीं कोणी म्हटलें असतें कीं, हाच पैसा परळच्या चाळींतील दुबळ्या लेकरांच्या दुधास द्या, तर त्यास काय उत्तर होतें?

उत्तर पुढील काळानें दिलें, पण तेंही हळूहळू. १९४७ सालच्या अखेरीस बोस्टन शहरांत डॉक्टर सिडनी फार्बर ह्यांनीं रोगी मुलांस ॲमिनोप्टेरिन नांवाचें औषध देऊन पाहिलें. तें तयार करणाऱ्या प्रयोगशाळेंतील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्र प्रांतांतले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९४८ सालीं फार्बर ह्यांनीं लिहिलें कीं, १६ मुलांपैकीं १० मुलांस गुण आला. पण तो गुण टिकला नाहीं. रोग पुन्हां उलटला. त्या मुलांच्या आईबापांस कांहीं आठवडे, कांहीं महिने मिळाले, आणि जगास मिळाली ती ही खात्री कीं, हा रोग औषधानें हटूं शकतो. त्याच ॲमिनोप्टेरिनचें धाकटें भावंड मेथोट्रेक्सेट आज ह्या रोगाच्या उपचारांत सर्वत्र देतात. आमच्या गवंड्याच्या मुलासही तें देतात. पूर्वीं ज्या प्रकारानें मुलें थोड्या महिन्यांत दगावत, त्याच प्रकारांतून संपन्न देशांत आतां दहांपैकीं सुमारें नऊ मुलें वांचतात.

ह्या कामास सरकारें व विद्यापीठें लागलीं, तशींच दुःखी आईबापेंही लागलीं. न्यूयॉर्क येथील डी व्हिलिअर्स दांपत्याचा सोळा वर्षांचा मुलगा १९४४ सालीं वारला. त्यांनीं १९४९ सालीं एक संस्था काढली. तीच पुढें ल्युकेमिया अँड लिम्फोमा सोसायटी ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. इंग्लंडांत मिडल्सब्रो गांवीं सहा वर्षांची एक मुलगी वारल्यावर तिच्या घरच्यांनीं १९६० सालीं वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. त्याच संस्थेस आज ब्लड कॅन्सर यूके म्हणतात. अशा संस्था दोन हातांनीं काम करितात. एका हातानें शोध करणाऱ्यांस वेतन व साधनें पुरवितात. दुसऱ्या हातानें रोग्यास माहिती, धीर व द्रव्य देतात. अमेरिकेंतील त्या संस्थेनें डॉक्टर ब्रायन ड्रुकर ह्यांच्या शोधास साहाय्य केलें, आणि त्या शोधांतून निघालेली इमॅटिनिबची गोळी २००१ सालीं तेथें मान्य झाली. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे रोगी ती रोज घेऊन आज वर्षानुवर्षें आपापला धंदा करीत आहेत.

येथें आम्हांस आजीबाईंच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर सांपडलें. आज ज्यास आम्ही "समोरचें पोर" म्हणतों, तें एके काळीं दुसऱ्यांच्या दृष्टीनें "न जन्मलेलें पोर" होतें. बोस्टनच्या त्या मुलांनीं, त्यांच्या आयांनीं, नांव न कळलेल्या हजारों वर्गणीदारांनीं जें दिलें, तें आज परळांत आमच्या गांवच्या मुलाच्या अंगांत थेंबथेंब उतरत आहे. त्यांनीं केवळ समोरच्याचाच विचार केला असता, तर आज आमच्या हातीं त्या मुलास देण्यास अश्रूंवांचून कांहीं नसतें. म्हणून संशोधनास दिलेलें दान हें खरें पाहतां दान नव्हे; ती ऋणाची फेड आहे. ज्यांचें ऋण आहे ते आतां हयात नाहींत. फेड पुढच्यांसच करितां येते.

परंतु हें अर्धेंच उत्तर. विहीर खणली आणि दोर नाहीं, तर तहानेला कांठावरच मरतो. इमॅटिनिबची गोळी निघाली, पण एके काळीं मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च आपल्या देशांत लाखावर होता, आणि येथें बनलेल्या त्याच औषधाचा सुमारें दहा हजार. एकस्वाचा हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १ एप्रिल २०१३ रोजीं निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. मॅक्स फाउंडेशनसारख्या संस्था गरीब रोग्यांस ही गोळी फुकट मिळवून देतात. मुलांच्या रोगांत तर उपचार दोन तीन वर्षें चालतो. बापाची मजुरी बुडते, मुंबईंत राहावयास जागा नसते. मग पुष्कळ आईबापें मध्येंच पोरास घेऊन गांवीं परततात, आणि बरा होण्याजोगा रोग मारक ठरतो. हें पाहून २००६ सालीं सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मुंबईंत निघाली. ती अशा मुलांस व त्यांच्या पालकांस फुकट आसरा देते. त्या खोलींतील चूल प्रयोगशाळेंतील नळीइतकीच रोग बरा करिते, असें आम्ही म्हणतों.

तर मग वांटणी कशी करावी? आमच्या मतें नियम हा: ज्यास आमच्यावांचून दुसरें कोणी नाहीं, त्याचा हक्क पहिला. उद्यांच्या रोग्यासाठीं जगांत पुष्कळ देणारे आहेत. ह्या गवंड्याच्या मुलासाठीं ह्या गांवांत आम्हीच आहों. म्हणून मोठा वांटा त्याचा. परंतु उद्यांच्या रोग्याचा वांटा शून्य कधींच नसावा. कारण प्रत्येक गांवानें "आमच्यावांचून इतर पुष्कळ आहेत" असें म्हटलें, तर इतर कोणी उरतच नाहीं. जेथें द्यावयाचें त्या संस्थेची नोंदणी व प्रसिद्ध झालेला हिशेब मात्र आधीं पाहावा. भोळेपणा म्हणजे औदार्य नव्हे.

ज्यांपाशीं पैसा नाहीं त्यांनीं खिन्न होऊं नये. ह्या रोग्यांस वारंवार रक्त लागतें, आणि तें कोणत्याही कारखान्यांत होत नाहीं. कित्येकांस दुसऱ्याच्या मगजांतील मूळ पेशी लागतात. सख्ख्या भावंडाशीं मेळ बसण्याचा संभव चारांत एक. म्हणून परक्या दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत, जशी २००९ सालीं चेन्नईस निघालेली दात्री. तेथें नांव नोंदवितांना गालाच्या आंतल्या बाजूस कापूस फिरवून नमुना घेतात, इतकेंच. पुढें मेळ बसला, तर बहुधा हाताच्या शिरेंतून रक्त घेऊन, त्यांतील त्या पेशी निराळ्या करून, बाकीचें रक्त परत देतात. आमच्या तरुणांनीं ह्याचें भय बाळगूं नये.

आमच्या सभेची हकीगत सांगून थांबतों. अर्पण ११,४०० रुपये झालें होतें. निर्णयापूर्वीं आम्ही त्या मुलाच्या बापास, तो दोन दिवसांसाठीं गांवीं आला असतां, विचारलें. त्यानें विचारलें, "पाळकसाहेब, शोधाला दिलेल्या पैशाचा माझ्या पोराला उपयोग होईल का?" आम्हांस खरें तेंच सांगणें भाग होतें: बहुधा होणार नाहीं. तो थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला; मग म्हणाला, "तिथं आमच्या शेजारच्या खाटेवरचं पोर गेलं. तसं दुसऱ्याचं जाऊं नये. द्या थोडे." १०,००० रुपये त्याच्या हातीं दिले, १,४०० संशोधनास पाठविले. आजीबाईंनीं ह्यास संमति दिली; मात्र दर महिन्यास त्या घरीं पायलीभर ज्वारी पोंचली पाहिजे अशी अट घातली, आणि पहिली पायली स्वतः नेऊन दिली.

मुलाचा उपचार अद्याप चालू आहे. शेवट काय होईल तें आम्हांस ठाऊक नाहीं. वाचकांनीं आपापल्या मंडळींत हा प्रश्न काढावा, आणि त्याचा विचार करितांना दोन्ही मुलें डोळ्यांसमोर ठेवावीं: जें दिसतें तें, आणि जें अद्याप दिसत नाहीं तेंही.